बीएस्सी फिजिक्सला ॲडमिशन घेतली, आता तीन वर्षं काय करायचं? (नागपूरच्या पोरापोरींसाठी)

बारावीचा निकाल लागला की पाहुणे विचारतात, फिजिक्स घेऊन काय करशील, मास्तर होशील का, आणि पोरगं गप्प बसतं कारण त्यालाही माहीत नसतं. मी नागपुरातच बीएस्सी केली, आता कॅन्सरच्या दवाखान्यात मेडिकल फिजिसिस्ट आहे, रेडिएशनच्या मशीनमधून पेशंटला नेमका किती डोस जाईल ते मोजून तपासायचं हे माझं काम. जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात आधी प्रॅक्टिकल. आमच्या बॅचमध्ये सीनियरचं जर्नल फिरायचं, लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचा g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, बरोब्बर ९.८१ (मीटर प्रति सेकंद वर्ग) यायचा, मीही तोच उतरवला. आता बघा, नागपूर २१ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर, इथे g साधारण ९.७८६ असतो. १ मीटरचा लंबक २० आंदोलनांना ४०.१७ सेकंद घेईल, ९.८१ यायला ४०.१२ पाहिजेत, फरक फक्त ०.०५ चा, आणि स्टॉपवॉच दाबताना बोटच ०.१ सेकंद मागेपुढे होतं. म्हणजे २० आंदोलनांवर तुम्ही फार तर ९.७९ अधिक-उणे ०.०५ एवढंच म्हणू शकता. १०० मोजा, ती चूक पाचपट कमी होते, मग दोन्ही आकडे वेगळे दिसायला लागतात, पण मग लांबीही गोळ्याच्या मध्यापर्यंत मिलीमीटरमध्ये मोजावी लागते आणि झोका ५ अंशांच्या आत ठेवावा लागतो. एक दुपार जाते यात. घालवा. आकडा सांगायचा आणि तो किती खात्रीचा तेही सांगायचं, हेच मी आज रोज करतो, आणि माझ्या आकड्यावर कोणाचातरी इलाज अवलंबून असतो.

दुसरं गणित. पुढे क्वांटम आणि इलेक्ट्रोडायनामिक्स सुरू झालं की ज्यांचं डिफरेन्शियल इक्वेशन कच्चं ते तिथेच अडकतात, म्हणून मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडता आला तर गणितच घ्या. नोट्स पाठ करून पेपर निघतो, पण पुढच्या एन्ट्रन्सला निघत नाही. रोज दोन गणितं, उत्तर न बघता, अडलं तर मित्राला फळ्यावर समजावून सांगा, कुठे अडलं ते तिथेच दिसतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही थोडी शिकून घ्या.

उन्हाळ्यात ४५ डिग्रीत घरी बसण्यापेक्षा मुंबईच्या होमी भाभा सेंटरचा बीएस्सीच्या पोरांसाठीचा एनआययूएस प्रोग्राम, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला प्रोग्राम, असे फॉर्म भरा. सिलेक्शन नाही झालं तरी अर्ज लिहिता लिहिता आपल्याला काय आवडतं ते कळतं.

आता पुढचं. एमएस्सी आयआयटीतून करायची तर जॅम ही एन्ट्रन्स, ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क, थर्ड इयरला असतानाच देता येते. थेट रिसर्चकडे, म्हणजे पीएचडीकडे जायचं तर जेस्ट ही एन्ट्रन्स आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) परीक्षा. माझ्या लाइनला यायचं तर एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा १ वर्षाचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि मग इंटर्नशिप, आणि तिथे बीएस्सीचे टक्केही बघतात, म्हणून पहिलं वर्ष वाया घालवू नका. लवकर नोकरी पाहिजे असेल तर हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून (एसएससी) निघते, त्याला बीएस्सी फिजिक्स चालतं, सोनेगावचं ऑफिस तर आपल्या घरापासून ऑटोच्या अंतरावर. शिकवायची मनापासून आवड असेल तर बीएड, किंवा एमएस्सीनंतर नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन कॉलेजला. मास्तर होणं काही कमी नाही, पाहुण्यांना तेही सांगा.

आणि एक, जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. मी दिवाळीनंतर भरू म्हटलं, तारीख निघून गेली आणि अख्खं वर्ष गेलं. थर्ड इयर सुरू झालं की ती तारीख शोधून घरच्या कॅलेंडरवर लिहा, आईला पण सांगून ठेवा.