केंटकीत बर्बन चाखायला जाताना

आधी गाडीचं ठरवा. अमेरिकेतल्या या राज्यात बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची व्हिस्की, गाळणाऱ्या बहुतेक डिस्टिलऱ्या कुरणं आणि शेतांच्या मधोमध आहेत, तिथे बसची वाट बघण्यात अर्थ नाही. चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. असा त्यागी कुणी मिळाला नाही तर लुईव्हिल शहरातून निघणाऱ्या टूरच्या गाडीत बसा. वयाची अट 21 वर्षांची आहे. केस पांढरे झाले असले तरी ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा.

दिवसाला दोन डिस्टिलऱ्या पुष्कळ झाल्या. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकते आणि सगळंच सारखं लागतं. वूडफर्ड रिझर्व्हची तांब्याची भांडी आणि लॉरेटो गावात मेकर्स मार्कच्या बाटल्यांची मान लाल मेणात बुडवण्याचं काम, ही जोडी पहिल्या खेपेला चांगली. नोंदणी आधी ऑनलाइन करा. वूडफर्डच्या गावाचं स्पेलिंग फ्रान्समधल्या राजवाड्याचंच, पण तिथे ‘व्हर्साय’ म्हणालात तर लोक हसतील. गाव ‘व्हर्सेल्स’.

नियम ठाऊक असले की गाइडचं बोलणं कळतं. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो, आणि मुरवायला आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप. वरून रंग घालायचा नाही. पिंप बर्बनसाठी एकदाच चालतं, मग ते जगभर विकलं जातं. गोव्यातली पॉल जॉन व्हिस्की अशाच जुन्या पिंपांत मुरते. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसलं तर तो 1897 च्या कायद्याचा वारसा: एका डिस्टिलरीचा, एका हंगामाचा माल, किमान चार वर्षं मुरलेला, 50 टक्के अल्कोहोलचा. त्या काळी व्हिस्कीत काय वाट्टेल ते मिसळून विकत, म्हणून हा कायदा आला.

आंबवण्याच्या टाक्यांपाशी रेंगाळा. काही ठिकाणी बोट बुडवून चाखू देतात. मक्याची ही पेज आधी गोडसर असते, दोन-तीन दिवसांत आपल्या आंबिलीसारखी आंबट होते. मग गोदाम. आसपासच्या झाडांची खोडं काळी दिसली तर आग लागली होती असं समजू नका. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलवर वाढणारी ती बुरशी. उडालेल्या या भागाला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात भट्टी असते, म्हणून तिथली पिंपं जास्त जोमाने मुरतात. आत गेल्यावर फोन खिशात घाला आणि नुसता वास घ्या. मला तरी अख्ख्या फेरीत हीच जागा सर्वांत आवडते.

चाखायला बसाल तेव्हा पोटात काहीतरी असू द्या, आणि त्या दिवशी अत्तर नको. सौम्य आधी, कडक शेवटी. पेल्यात नाक खुपसू नका, नुसती झिणझिणी येईल. ओठ किंचित उघडे ठेवून पेला हनुवटीजवळ धरा, म्हणजे व्हॅनिला, कधी काकवीचा वास येतो. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्या घोटावर बनवा. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा बघा. बर्फ घरी गेल्यावर. उरलेलं ओतायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका.

बाटली घेतलीत तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत बिनशुल्क आणता येते. चेक-इन बॅगेत ठेवा, जाड स्वेटरमध्ये गुंडाळून.