मुलांना स्वतःच्या अनुभवावर लिहायला बसवताय? या चुका टाळा

‘अविस्मरणीय प्रसंग लिही’ म्हणून मुलाला बसवायचं आणि थोड्या वेळात वहीत काही उमटलं नाही की ‘याला काही सुचतच नाही’ असं सगळ्यांसमोर म्हणायचं. मला सगळ्यात जास्त चीड या चुकीची आहे. चौथी-पाचवीच्या पोराला ‘अविस्मरणीय’ म्हणजे विमान, अपघात नाहीतर बक्षीस वाटतं. यातलं काही घडलेलं नसलं की ते निबंधमाला उघडतं.

सोलापुरात पूर्व भागातल्या एका वर्गात एका मुलानं महाबळेश्वरची सहल लिहिली होती. धुकं, स्ट्रॉबेरी, सूर्यास्त, सगळं होतं. ‘कधी गेला होतास?’ म्हटलं तर मान खाली. मागच्या बाकावरच्या वहीतही तीच स्ट्रॉबेरी. मी वही मिटली आणि विचारलं, ‘मागच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा तू काय करत होतास?’ पोरगा सुटलाच. आईनं रात्री उठवलं, पाइप धरायला लावला, डुलकी लागली, पाइप निसटला आणि सकाळी कारखान्यात द्यायच्या बिड्यांचं सूप भिजलं. आई काहीच बोलली नाही, म्हणून जास्त भीती वाटली. मधेच तो घरच्या तेलुगूत शिरला, मी अडवलं नाही. ‘हेच लिही’ म्हटल्यावर विचारतो, ‘सर, असलं लिहिलेलं चालतं?’

चालतं, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

दुसरी चूक म्हणजे विषय अवाढव्य ठेवणं. जानेवारीत सगळा वर्ग सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जत्रा, लिहितो. सात नंदीध्वज, ६८ लिंगं, अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. माहिती बिनचूक, पण लिहिणारं मूल त्यात कुठेच नाही. मी तीनच गोष्टी विचारतो. गर्दीत हात कुणाचा धरला होतास? पाळण्यात कोण ओरडलं? काय मागितलं होतंस आणि मिळालं नाही? तिसऱ्यावर हमखास काहीतरी निघतं, कारण मोडलेला हट्ट पोरं विसरत नाहीत.

विषय शोधतानाच ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. ‘यातून मला बोध मिळाला’ हे शेवटचं वाक्य सक्तीचं करू नका. पालकांनी स्वतःचा प्रसंग मुलाच्या नावावर खपवू नये, तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. मोबाइलवरून तयार मजकूर उतरवून घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वही परत देतो.

अगदीच काही निघेना, तर अंगावरचा एखादा व्रण दाखवायला सांगा. गुडघा, कोपर, हनुवटी, कुठे ना कुठे असतोच.

आणि विषय सापडला म्हणून लगेच पेन हातात देऊ नका. घाई इथेच नडते. आधी शेजारच्या मुलाला तोंडी सांगू द्या. ऐकणारा पहिल्यांदा ‘मग?’ म्हणाला ती जागा लक्षात ठेवायची आणि लिहायला तिथूनच लावायचं.