जुनी जावा-येझदी उघडण्याआधीची तयारी

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा असेल, तर आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की कामाला लागा. आणि हार घालायचा तो चालत्या गाडीला, नुसत्या रंगवलेल्या नव्हे. आपल्या खान्देशात सहसा उलटं होतं. पाचोऱ्याला नाहीतर शिरपूरला मागच्या पडवीत, कापसाच्या गोण्यांआड काकांची येझदी मोटरसायकल सापडते आणि पहिल्याच आठवड्यात टाकी आणि मडगार्ड पेंटरकडे रवाना होतात. टाकी चकचकीत होऊन येते, इंजिन मात्र जाम ते जामच. मग त्याच रंगावर पाने घसरतात, पेट्रोल सांडतं आणि चालू व्हायच्या आत गाडी पुन्हा जुनी दिसायला लागते. आमच्याकडचे मिस्त्री अशा गिऱ्हाइकाला एकच सांगतात, "पहिले चालू होऊ दे भो, मंग रंगनं पाहूत." पुढची यादी त्याच क्रमाने आहे.

सगळ्यात आधी कागद. आरसी बुक शोधा, चेसिस आणि इंजिन नंबरवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, दोन्ही नंबर बुकाशी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. सँड ब्लास्टिंगवाल्याला आणि पेंटरला नंबर दाखवून त्यावर टेप लावून द्या. घासून पुसट झालेला नंबर पुढे फार महागात पडतो. इंजिनचं केसिंग कधीकाळी बदललेलं असेल तर बुकातला नंबर जुळणार नाही, ते आरटीओत जाऊन नोंदवून घ्यावं लागेल. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथली एनओसी आणा. जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा वाहन पोर्टलवर चढलेलीच नसते, तेव्हा ती आधी चढवून घ्या, मगच हस्तांतरण आणि पुनर्नोंदणी. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्हाला शेतावर, बाजारात, पाहुण्यांकडे तीच न्यायची असेल तर व्हिंटेजच्या नादी लागू नका. साधी पुनर्नोंदणी, विमा, पीयूसी आणि नवी नंबरप्लेट, एवढं पुरे.

मग आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१पासून या गाड्या काढल्या, १९७३मध्ये नाव येझदी झालं, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एक, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, तरी सायलेन्सर दोन. गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की किक होते. मॉडेल नीट कळल्याशिवाय पार्ट घेऊ नका. जुन्या जावाचं चाक १६ इंची, पुढच्या येझदीचं १८; वायरिंगही वेगवेगळं. २०१८पासून मिळणारी नवी जावा फोर-स्ट्रोक आहे, तिचा कुठलाही इंजिन पार्ट इथे बसत नाही. दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तरी नाही.

सापडल्या दिवशी किक मारायचा मोह होतो. तो आवरा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला की बोअरवर ओरखडा नाहीतर रिंग तुटते. प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिन ऑइल) सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. नंतर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने मागे-पुढे हलकेच फिरवा. सुटलं तर सुटलं, नाही तर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढायचंच आहे. तोवर सायलेन्सरच्या शेपटात आणि कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलेलं असतं. ती माती आत ओढली गेली की नव्या बोअरचंही वाटोळं. वायरिंगचा बोऱ्या उंदरांनी वाजवलेला असतोच.

हत्यारं फार लागत नाहीत. जावाचे आटे मेट्रिक आहेत, त्यामुळे साधे रिंगपाने आणि गोटीसेट चालतात. जुन्या बुलेटसारखे इंची पाने शोधत फिरावं लागत नाही. पण फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) काढायचा प्लायर, घट्ट स्क्रूंसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि क्लच-डायनामो ओढून काढायचे पुलर हे हवेतच. पुलर नसेल तर मागून आणा, भाड्याने आणा, पण हातोडी-छिन्नीने डायनामो काढणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, वायरींना चिठ्ठ्या बांधा, नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून झाकणावर नाव घाला. हे कंटाळवाणं काम आहे. पण गणपतीपर्यंत गाडी सुट्या भागांत पडली, म्हणजे आखाजीला काय कुठून काढलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

टाकी आपल्या उन्हाळ्यात साफ करावी, हे ऊन वाया घालवू नये. कॉक काढून तोंड बंद करा, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर जुने नट टाकून हलवा, मोजून बाहेर काढा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि दुपारच्या उन्हात उलटी ठेवा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, टाकी तासाभरात खडखडीत वाळते. वाळली की लगेच आत टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर उघडा पत्रा दुसऱ्याच दिवशी तांबूस पडतो. गळक्या टाकीला डाग द्यायचा असेल तर आधी ती पूर्ण धुऊन पाण्याने भरा. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ ज्योत लागताच फुटते, यात घाई करणारा माणूस जिवाशी खेळतो.

आता इंजिन, आणि इथे मात्र पैसा राखू नका. क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) दोन्ही बाजूंची ऑइल सील डोळे झाकून बदला. ती बाहेरून चांगली दिसतात, पण उभ्या उभ्या रबर कडक झालेलं असतं. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून पितं, धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो. डायनामोकडचं गेलं तर हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन आपोआप रेस होतं आणि एका दुपारी पिस्टन धरतो, म्हणजे तापून जाम होतो. कित्येक जण वर्षभर कार्बोरेटर बदलत बसतात आणि दोष असतो या छोट्याशा सीलचा.

बोअर मारायचा (सिलिंडर आतून मोठ्या मापाला कापायचा) असेल तर आधी पिस्टन आणा, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही लेथवाल्याच्या हातात द्या. "पाव मिलिमीटर ओव्हरसाइज मार" एवढं तोंडी सांगून जमत नाही, कारण प्रत्येक पिस्टन नंबरावर लिहिल्याइतकाच नसतो. बोअर होऊन आला की आत बोट फिरवा. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, म्हणजे पोर्ट. बोअरनंतर त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार राहतात. बोटाला धार लागली तर सिलिंडर परत द्या आणि कडा बारीक घासून गोल करून घ्या. लेथवाले हे हमखास विसरतात आणि रिंग त्या कडेला अडकून तुटते. पुढे रिंग एकटीच बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने थोडी खाली सारून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर रिंगेला पसरायला जागाच उरणार नाही. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर, सर्कलिप नवी. जुनी सर्कलिप पुन्हा वापरून वाचणारे पैसे चहाचेही नसतात.

सायलेन्सरमधली जाळी काढून काजळी साफ करा. ती तुंबली की गाडीला दम राहत नाही. जाळी काढून टाकून फटफट मोठी करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. आवाज वाढतो, ताकद घटते.

ब्रेक लायनर, केबली, हँडलच्या बेअरिंगच्या गोळ्या, चाकांचे आरे हे सगळं ठरलेलं काम आहे, गावातला कुठलाही जुना मिस्त्री करतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे वर्षाचे; नक्षी शाबूत असली तरी जुनाट टायर ठेवू नका. वायरिंग सांधत बसण्यापेक्षा पूर्ण नवीन हारनेस घाला.

पॉइंटची (उघडताच प्लगला ठिणगी देणाऱ्या स्विचची) फट ०.४ मिलिमीटरच्या जवळ ठेवा, प्लगची ०.६. पॉइंटच्या तोंडावर खड्डा-उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टन मोजायचा आणि पॉइंट नेमका कधी सुटतो ते पाहायला मधे सिगारेटचा पातळ कागद धरायचा: क्रँक हळू फिरवताना कागद जिथे अलगद निसटतो, तिथे ठिणगी. टेस्ट लॅम्प असेल तर अजून चांगलं. अंदाजाने लावलेलं टायमिंग पुढे निघालं तर गाडी उलटी किक देते आणि नडगी आठवडाभर सुजते.

कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) तारेने कोरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कुठलंच सेटिंग लागत नाही. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा. फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारा डबा) कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल डुचमळत असेल तर नवीन घ्या. एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड आटा उघडा, ही फक्त सुरुवात. इंजिन गरम झाल्यावर तिथून पाव-पाव आटा पुढेमागे करत स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनची चाल) जिथे सगळ्यात स्वच्छ लागतो तिथे थांबा. खरी परीक्षा प्लगची: मोकळ्या रस्त्यावर गाडी ओढून क्लच दाबत इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला तर ठीक. पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, काळा-ओला म्हणजे जाड.

इथे खान्देशच्या हवेचा हिशोब धरावा लागतो. मे महिन्यातली तापलेली हवा विरळ असते, तेव्हा मिश्रण आपोआप जाड होतं. त्या हवेत लावलेली गाडी पौषात, पहाटे तापीकाठी धुकं असताना पातळ पडते. म्हणून शेवटचं सेटिंग हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात थोडी धुरकट चालली तरी चालेल, पण पातळ चालायला नको. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल सोबत ऑक्सिजन आणतं, म्हणजे मिश्रण अजून पातळ. मेन जेट एक नंबर वाढवावा लागू शकतो. जुनी रबरी नळी, कॉकचं वॉशर, फ्लोटची सुई या पेट्रोलने फुगतात, तेव्हा इथेनॉल झेपणाऱ्याच घ्या. ते पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.

ऑइल मापाने. नव्या बोअरला लिटरमागे ४० मिली, म्हणजे पाच लिटरला २००. "दोन झाकणं जास्तच टाक" हा सल्ला ऐकू नका: ऑइल वाढलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण उलट पातळ होतं. टू-टीचं मशीन आता बऱ्याच पंपांवरून गेलंय, तेव्हा बाटली आणि मापाचा पेला गाडीबरोबरच ठेवा. आधी ऑइल, वर पेट्रोल, मग गाडी डुलवा.

पहिले पाचशे किलोमीटर सकाळी लवकर, थांबत थांबत, एकच वेग न धरता. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण गार झाली की हेडचे नट तिरप्या क्रमाने पुन्हा ताणा. एरंडोल-पारोळ्याचा महामार्ग सपाट आहे, पण तिथल्या ट्रकांच्या रांगेत नव्या पिस्टनला पळवायचा मोह होतो. त्यापेक्षा यावल-फैजपूरकडचे केळीच्या बागांतले रस्ते बरे. बामणोदला भरिताची वांगी घ्यायला जायचं निमित्तही होतं. याच दिवसांत, दिवाळी उलटून हवा कोरडी झाल्यावर टाकी-मडगार्ड पेंटरकडे द्या. पावसाळी दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते.

तोरणमाळ किंवा कन्नड घाट पाचशे किलोमीटर झाल्यावरच. चढाचं भय नको, काळजी उताराची करा. या इंजिनला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाकं इंजिनला जोरात फिरवतात आणि ऑइल मात्र जवळजवळ बंद. दर वळणाआधी क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्या, भार ब्रेकवर घ्या, आणि ब्रेक तापल्याचा वास आला की कडेला थांबा.