जुन्या एमजीबीचे सस्पेन्शन नव्याने बांधताना

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. पुढच्या लिव्हर-आर्म डँपरचे (हादरे शोषणाऱ्या, तेल भरलेल्या भागाचे) हातच वरच्या विशबोनचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे काम करतात, त्यामुळे डँपरमधून तेल गळत असेल तर केवळ तेल भरून भागत नाही, तो दुरुस्त करून घ्यावा किंवा बदलावा.

गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि अचानक सुटल्यास जीवघेणी ठरते, म्हणून स्प्रिंग-पॅनखाली (स्प्रिंग ज्यावर टेकते त्या थाळीखाली) जॅक लावून मगच किंगपिनचा (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचा) वरचा बोल्ट काढावा आणि जॅक अगदी सावकाश उतरवावा. किंगपिन बुशसह (ती ज्यात फिरते त्या नळीसह) बदलावी. नव्या बुशला रीमिंग, म्हणजे भोक अचूक मापाचे करणे लागते, ते नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील अनुभवी टर्नरकडून करून घ्यावे. हातोडी आणि पॉलिश पेपरने वेळ मारून नेऊ नये.

खालच्या विशबोनच्या आतील टोकांना एमजीबी जीटी व्ही८ (याच गाडीची व्ही८ इंजिनाची आवृत्ती) चे रबरी बुश बसवणे, ही माझ्या मते सर्वांत किफायतशीर सुधारणा आहे. पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश अधिक घट्ट असते, परंतु पावसाळ्यानंतरच्या नाशिकच्या रस्त्यांवर त्याचे हादरे थेट कमरेला जाणवतात. व्ही८ बुशचे नट गाडी चाकांवर उभी करूनच अंतिम आवळावेत, अन्यथा रबराला कायमचा पीळ बसून ते लवकर फाटते.

मागचे पाटे जोडीनेच बदलावेत. शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) तपासून घ्यावे, आणि कसारा घाटातून फेरी मारून आल्यावर पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.