फवारणीच्या विषाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान २० शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कित्येक वावरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याबरोबर आली होती. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या होत्या आणि फवारा थेट तोंडावर येत होता. तेव्हापासून समाजकार्याचे विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयांचे इंटर्न, संस्थांचे कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन गावात येतात. यायलाच हवं. पण पुष्कळांच्या मेहनतीतून शेवटी हाती काही लागत नाही, आणि गावाला वाटतं की आले, लिहून घेऊन गेले.

मी अशा सर्वेक्षणांत बरीच वर्षं हिंडलो आहे. सुरुवातीला आम्ही गोळा केलेली कितीतरी माहिती बाजूला टाकावी लागली. पंप कोणाच्या पाठीवर आहे हे बघायचं सोडून आम्ही सातबारा, रजिस्टर आणि लॅबचा रिपोर्ट यांच्या भरवशावर राहिलो होतो. खालच्या सगळ्या चुका त्यातूनच आलेल्या आहेत.

मे महिन्यात येणं

कॉलेजला सुट्या लागतात म्हणून सर्वेक्षण मे महिन्यात ठरतं. तेव्हा वावर उखरून पडलेलं, पारा ४५ च्या आसपास, आणि मागच्या फवारणीला सात-आठ महिने होऊन गेलेले. फवारणीचा जोर असतो जुलै ते ऑक्टोबर. तुम्हाला यायचं आहे तेव्हा, चिखल तुडवत. मे महिन्याचा एकच उपयोग आहे आणि तो मोठा आहे, त्याबद्दल पुढे रक्ताच्या भागात सांगतो.

मागचं विचारावंच लागलं तर तारीख विचारू नका. "पोळ्याच्या आधी किती फवारण्या झाल्या? पोळा ते घट बसेपर्यंत किती? दिवाळीपर्यंत किती?" असं विचारलं की माणूस बोटं मोजत नीट सांगतो.

सातबाऱ्यावरच्या नावाला विचारणं

नमुना निवडायचा म्हणून तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीतून शेतकऱ्यांची यादी घेतली जाते. यादीतला माणूस सांगतो, "मी कायले मारू जी? माणूस लावला हाये." आणि फॉर्मवर खूण होते: फवारणी करत नाही. ज्याने मारली तो भूमिहीन आहे, त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. तो आज या वावरात, उद्या त्या वावरात, अख्खा हंगाम पाठीवर पंप घेऊन फिरतो. शेतकरी आठ दिवसांत एकदा फवारत असेल, तर हा रोज.

मोजमापही त्याच्याच भाषेत घ्या. तो तास सांगणार नाही, पंप सांगेल: "आज १५ पंप मारले." पंपाच्या टाकीत १५-१६ लिटर पाणी मावतं. पुष्कळ ठिकाणी मजुरीही पंपामागे असते, त्यामुळे हा आकडा त्याला पक्का आठवतो. दिवसाचे पंप आणि हंगामातले दिवस एवढं मिळालं तरी कोणाच्या अंगावर किती विष पडलं याचा अंदाज बांधता येतो.

आणि बाया. त्यांना वगळणं ही मला सर्वांत जास्त सलणारी चूक आहे. "तुम्ही फवारता का?" असं विचारलं की बाई नाही म्हणते, आणि ते खरंच असतं. पण विहिरीवरून पाणी तीच आणते, ड्रममध्ये काडीने औषध घोटायला तीच असते, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला तीच वाकते आणि रात्री नवऱ्याचे फवारणीचे कपडे तीच धुते. या प्रत्येक कामाचा वेगळा प्रश्न हवा. सकाळी ११ वाजता गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. दिवेलागणीनंतर जा.

इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तू काम काय करतोस? आमच्याकडे एवढ्याने भागत नाही. "शेती" हे उत्तर सगळ्यांचंच असतं. काल दिवसभर नेमकं काय केलं, हे विचारावं लागतं.

शब्द चुकवणं

"कीटकनाशक" हा शब्द छापील आहे. गावात सगळे "औषध" म्हणतात. एका आजोबांना आमच्यातल्या एका पोरीने विचारलं, "कोणतं औषध वापरता?" ते आत गेले आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आले. म्हणून "फवाऱ्याचं औषध" असंच म्हणा, तणनाशक वेगळं विचारा आणि "टॉनिक"ही विचारा, कारण त्या बाटलीत काय आहे ते पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"विषबाधा झाली होती का?" हा प्रश्न तर विचारूच नका. विषबाधा म्हणजे पोलीस केस, आणि फवारणीशी संबंध नसलेली एक भीतीही त्या शब्दाला चिकटलेली आहे. लक्षणं विचारा: गरगरणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना मुंग्या, तोंडाची आग, फार लाळ, अंग फडफडणं. फवारणीच्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, तेही विचारा. "उन लागलं असन" हे उत्तर हमखास येतं. ते खोडून काढू नका आणि जसंच्या तसं मान्यही करू नका. आमच्या भागात ऑक्टोबरचं ऊनही माणसाला आडवं करतं, आणि ऊन लागण्याची व विषबाधेची पहिली लक्षणं बरीच सारखी असतात. घामेजलेल्या कातडीतून विष जास्त शिरतं, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. त्या दिवशी फवारणी किती वाजता चालली होती, ते लिहून ठेवा.

बाटलीचं नुसतं नाव लिहून घेणं

बाजारात एकाच रसायनाची कितीतरी नावं असतात. बाटलीवरच्या मोठ्या नावापेक्षा त्याखालच्या बारीक अक्षरांतलं रसायनाचं नाव आणि टक्केवारी महत्त्वाची. लेबलचा फोटो घ्या. त्रिकोणाचा रंगही दिसू द्या: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. रिकाम्या बाटल्या घरात नसल्या तर धुऱ्यावर, विहिरीजवळ सापडतील. उचलताना हातमोजे घाला. आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारली का, हे विचारल्याशिवाय उठू नका. एकत्र मारणं इतकं सरसकट झालंय की लोक ते आपणहून सांगतच नाहीत.

"सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले"

हा फोन मला दर हंगामात कोणाचा ना कोणाचा येतो. रक्तातलं कोलिनएस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम, काही औषधांनी ते घटतं) तपासलं, सगळं नॉर्मल, म्हणजे फवारणीने काही होत नाही का? थांबा. पुढची कारणं एकेक करून तपासा.

औषध कोणतं होतं? ही चाचणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाच्या औषधांसाठी आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही त्यातली. पायरेथ्रॉइड आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं या एन्झाइमला धक्का लावत नाहीत. पांढऱ्या माशीसाठी मारलं जाणारं डायफेन्थ्युरॉनही पेशीत दुसऱ्याच जागी घाव घालतं. माणूस त्याने आजारी पडला तरी हा रिपोर्ट नॉर्मलच येईल, आणि ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेवर देतात ते ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा नव्हे. म्हणून लेबलच्या फोटोशिवाय रक्ताच्या रिपोर्टला अर्थ नाही.

कोणतं कोलिनएस्टरेज मोजलं? प्लाझ्मामधलं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातलं, लवकर घसरतं आणि काही आठवड्यांत सावरतं. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांतही ते कमी असतं. तांबड्या पेशींमधलं सावरायला महिने लागतात, म्हणून हंगामभराचा हिशेब त्यात जास्त नीट दिसतो. प्रश्न हंगामाचा असेल आणि तुम्ही फक्त प्लाझ्मा मोजलं असेल, तर चाचणीची निवडच चुकली.

तुलना कशाशी केली? ही सर्वांत नेहमीची चूक. माणसामाणसांत हे एन्झाइम इतकं कमी-जास्त असतं की एखाद्याचं एक तृतीयांश घसरलं तरी आकडा लॅबच्या "नॉर्मल" पट्ट्यातच राहतो. त्या माणसाचा हंगामाआधीचा आकडा हवा. मे महिन्याचा उपयोग इथे आहे. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी नियमच आहे: आधीचे ३० दिवस या गटातल्या औषधांशी संबंध नसताना मूळ आकडा घ्यायचा, पुढे त्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घसरण झाली तर कामाची पद्धत तपासायची, आणि तांबड्या पेशींचा आकडा मुळाच्या ७० टक्क्यांवर आला तर माणसाला त्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं. हे आकडे तुमच्या टिपणवहीत असू द्या.

नमुना कसा घेतला? बोटाला औषध लागलेलं असेल तर ते थेंबात उतरतं आणि आकडा खोटाच खाली जातो. आधी हात साबणाने धुवून घ्या, मग टोचा. चाचणीचं किट गावातच वापरत असाल तर तापमान नोंदवा, कारण एन्झाइमची चाचणी उष्णतेने बदलते. नमुना शहरात पाठवत असाल तर बर्फाच्या डब्यातून. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर फिरवलेल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

दवाखान्याच्या रजिस्टरवरून गावाचा अंदाज बांधणं

दवाखान्यात पोचतो तो सर्वांत वाईट अवस्थेतला. बाकीचे लिंबूपाणी पिऊन झोपतात किंवा गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतात. शिवाय रजिस्टरमध्ये फवारताना झालेली विषबाधा आणि पोटात घेतलेलं विष एकाच शब्दाखाली येतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कीटकनाशकाच्या विषबाधेचा संकेतांक टी-६० आहे; ती कशी झाली हे सांगणारा दुसरा संकेतांक असतो आणि तोच भरायचा राहून जातो. केसपेपर काढून वाचा, जमल्यास घरच्यांशी बोला, पण मृत्यू झालेल्या घरी पहिल्याच भेटीत फॉर्म उघडू नका.

आज फवारणाऱ्यांची न फवारणाऱ्यांशी तुलना

ज्याला त्रास झाला त्याने पंप टाकून दिला. आता तो "न फवारणाऱ्या" गटात मोजला जातो आणि धडधाकट पोरं "फवारणाऱ्या" गटात. निष्कर्ष उलटाच येतो. "आधी मारायचात का? कधी सोडलं? का सोडलं?" हे तीन प्रश्न घाला.

जुनाट सांधेदुखी, पाठ आखडणं या तक्रारी फवारणीच्या खात्यात टाकण्याआधी पाणीही बघा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पुष्कळ बोअरच्या पाण्यात सांधे आखडवणारं फ्लोराइड आहे, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेत नको. फ्लोराइड काचेशी प्रक्रिया करतं.

"सुरक्षा किट वापरता का? हो / नाही"

यातून काहीच कळत नाही. कोट आहे पण उकाड्याने काढून ठेवला, हातमोजे एकाच हाताचे उरलेत, मास्क म्हणून दुपट्टा. पंप गळतो का आणि पाठ ओली होते का, हे विचारा, जमलं तर डोळ्यांनी बघा. फवारणीत विष श्वासापेक्षा कातडीतून जास्त जातं, आणि ओली पाठ हा माझ्या अनुभवात सर्वांत खरा पुरावा आहे.

बघायला गेलात आणि समोरच माणूस डळमळू लागला, तर अभ्यास तिथेच थांबवा. त्याला वावराबाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत द्या. उलटी काढायला लावू नका. हे गावात शिरण्याआधी तुमच्या सगळ्या टीमला पाठ असलं पाहिजे.

निकाल घेऊन परत न येणं

ज्यांचं रक्त घेतलं त्यांना त्यांचा आकडा एकट्याला, समजेल अशा शब्दांत सांगा. गावाचा एकत्रित निकाल मृगाच्या आधी समाजमंदिरात सांगा, रात्री ८ नंतर, म्हणजे बायाही येतील. आमच्या एका बैठकीत सगळे बोलून उठायला लागले तेव्हा मागून एका मावशीने विचारलं, "त्याईचे कपडे लेकराईच्या कपड्यात भिजवू का नको?" आमच्या ४० प्रश्नांत हा नव्हता. वेगळे भिजवा, वेगळ्या पाण्यात दोनदा धुवा, उन्हात वाळवा, धुताना हातमोजे घाला, एवढं तेव्हा सांगितलं. पुढच्या हंगामाच्या प्रश्नावलीत तिचा प्रश्न आम्ही पहिल्या पानावर घेतला.