इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवतोय? नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजा

दिवसभर ऊन, बॅटरी भरलेली, आणि रात्री फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की सोलर इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’चा बीप देत बंद पडतो. लगेच सल्ला मिळतो: बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या. दुसरा सल्ला त्याहून वाईट, तो म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन कट-ऑफ, म्हणजे इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजला बंद पडतो तो आकडा, खाली आणा. हे अजिबात करू नका. 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार 10.5 व्होल्टच्या खाली गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चांगली बॅटरीही कायमची जाते.

मी इथे 24 व्होल्टची मांडणी धरतोय, म्हणजे 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या, 12 व्होल्टच्या दोन ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार) बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला पुढे दुसरी जोडून. लिथियमला हे आकडे लागू नाहीत.

पाण्याची पातळी बघा, प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. रात्रभर लोड बंद ठेवून सकाळी ऊन यायच्या आत प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मल्टिमीटरने वेगळं मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर पुढे जा. 12 च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा.

आता खरी पायरी. मला सर्वांत जास्त झुंजवलं ते इथेच, कारण लोड नसताना सगळं ठीकच दिसतं. इन्व्हर्टरला बॅटरीत काय आहे ते कळत नाही, त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात तेवढंच कळतं. बॅटरी आणि टर्मिनल यांच्यामध्ये केबल, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), फ्यूज आणि नट-बोल्ट असतात. त्यातला एक सांधा जरी खराब असला, तरी करंट वाहू लागताच व्होल्टेज तिथेच संपतं.

म्हणून माप लोडवरच घ्यायचं. पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेल तोडणारा स्विच) बंद करा आणि इन्व्हर्टरवर 750 वॅटची इस्त्री लावा. 24 व्होल्टच्या बाजूला साधारण 35 अँपिअर वाहतील. इस्त्री तापली की थर्मोस्टॅट ती बंद करतो, तेव्हा मापं त्याआधीच घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. प्रोब बॅटऱ्यांच्या जोडीच्या बाहेरच्या दोन शिशाच्या खांबांवर टेकवा, थिंबलवर किंवा बोल्टवर नाही. नेमकं इथेच बहुतेकांचं माप फसतं. मग तेच माप इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर घ्या.

खांबांवर 24.2 आणि इन्व्हर्टरवर 22.2 आले, तर बॅटऱ्यांना हात लावायचं कारण नाही. 2 व्होल्ट गुणिले 35 अँपिअर, म्हणजे 70 वॅट उष्णता वाटेत जळतेय. एक प्रोब खांबावर आणि दुसरा त्याच खांबाच्या थिंबलवर ठेवा. मग केबलची दोन टोकं, फ्यूजच्या दोन बाजू आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी तार असं एकेक तपासत जा. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्टच दिसतात. जिथे अर्धा व्होल्ट दिसेल तिथे दोष आहे. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या थिंबलच्या आतही तार हिरवी पडलेली असू शकते, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हमखास. असं थिंबल घासून भागत नाही. तार कापून नवं थिंबल क्रिम्पिंग टूलने दाबून बसवा. हातोडीने ठोकलेलं थिंबल मला मान्य नाही. बॅटरीच्या ओळीत घरच्या वायरिंगचा साधा एसी एमसीबी (आपोआप ट्रिप होणारा स्विच) लावलेला असेल तर तोही काढा आणि तिथे डीसीसाठीचाच लावा.

खांब आणि टर्मिनल यांच्या मापांत फरक नसेल, पण लोडवर एक बॅटरी 12.1 आणि दुसरी 10.7 दाखवत असेल, तर दुसरी कमजोर आहे. हायड्रोमीटरने, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, तिचे सहाही सेल तपासा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर निदान पक्कं झालं. मात्र जुन्या बॅटरीच्या जोडीला नवी लावू नका, जोडीच बदला. सिरीजमध्ये जुनी आधी रिकामी होते आणि नवीला पूर्ण चार्ज मिळत नाही.

दोन्ही बॅटऱ्या सारख्याच खाली जात असतील, तर दुपारी चार्जिंगचं व्होल्टेज बघा. ट्यूब्युलरला 24 व्होल्टच्या मांडणीत ते 28.8 च्या आसपास जायला हवं. नेमका आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात असतो. तिथवर पोचतच नसेल तर पॅनेलवरची धूळ, सावली आणि चार्ज कंट्रोलरची (पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्राची) सेटिंग तपासा.

सांधे उघडताना आधी लोड बंद करा, मग पॅनेल, शेवटी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर. उलट क्रमाने चार्ज कंट्रोलर जळू शकतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असू द्या. सांधे घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि इस्त्री लावून तीच मापं पुन्हा घ्या.