वर्णन लांबलं की मोबाइल निघतात

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा बोलून खेळायचा साहसाचा खेळ: एक जण समोर काय दिसतंय ते सांगून खेळ चालवतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते ठरवतात. तो चालवताना मी वर्णनं घरून लिहून आणायचो. तळघराचं अख्खं पान: खांब किती, छत किती उंच. वाचून मान वर केली की दोघे मोबाइलमध्ये, आणि तिसरा विचारणार, "दार कुठंय म्हणालास?"

मग कागद घरीच ठेवला. खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, पुढचे 20 फूट अंधुक. हा आकडा मी नुसता हिशेबापुरता वापरायचो. आता वर्णन तिथूनच सुरू करतो. उजेडातलं एका वाक्यात. अंधुक पट्ट्यात नुसते आकार. त्यापलीकडे वास किंवा आवाज: "ओल्या राखेचा वास येतोय. पुढे कुणीतरी साखळी ओढतंय... आता थांबलं." एवढं बोलून गप्प बसतो. (हेच सगळ्यात अवघड गेलं.) खांब किती, ते कुणी विचारलं तरच.

परवा त्या साखळीवर चिवड्याच्या वाटीकडेही कुणाचा हात जाईना.

पात्रांच्या टोळीत एल्फ (माणसासारखा दिसणारा एक काल्पनिक वंश) असला की जरा पंचाईत होते, त्याला 60 फुटांपर्यंत अंधारातही दिसतं. पण काळोखात रंग कळत नाहीत, सगळं करडं. तेव्हा फरशीवर पाणी सांडलंय की रक्त, हे त्यालाही बोट लावूनच बघावं लागतं.